न मागितलेली भरपाई

१९७८ सालच्या सप्टेंबर महिन्यात ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कवयित्रीचा उजवा स्तन कर्करोगामुळे काढून टाकावा लागला. त्या वेळी त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. काही वर्षे ग्रंथपालाची नोकरी करून पुढे त्या न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीच्या अध्यापिका झाल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच एक स्वयंसेविका त्यांना भेटावयास आली. ती स्वतः याच रोगातून आणि याच शस्त्रक्रियेतून गेलेली होती. तिने धीराचे चार शब्द सांगितले आणि लोकरीचा, स्तनाच्या आकाराचा एक गोळा त्यांच्या हाती ठेवला. तो कपड्याआड घातला की कोणाच्या काही लक्षात येणार नाही, असे तिचे सांगणे होते. गोळ्याचा रंग फिकट गुलाबी होता. लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या.

पुढे दहा दिवसांनी टाके काढून घेण्यासाठी त्या शल्यविशारदाच्या दवाखान्यात गेल्या. घराबाहेर पडण्याचा हा पहिलाच प्रसंग. मरणाच्या सावलीतून आपण परतलो याचा आनंद मनात होता, आणि म्हणून त्या आवडीचा पोशाख करून, नीटनेटक्या होऊन गेल्या होत्या. तेथील परिचारिकेने आधी हसून स्वागत केले. मग तिची नजर छातीच्या सपाट बाजूकडे गेली. तो गोळा का घातला नाही, अशी तिने विचारणा केली. निदान येथे येताना तरी काहीतरी घालून येत जा, नाहीतर इथल्या इतर मंडळींचे मनोधैर्य खचते, अशा अर्थाचे ती बोलली.

या प्रसंगाचा विचार लॉर्ड यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात केला आहे. इस्रायलचे सेनानी मोशे दायान यांचा डोळा युद्धात गेला होता. त्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून ते जगभर वावरले. काचेचा डोळा बसवून या, तुमच्या पट्टीमुळे आमचे मनोधैर्य खचते, असे त्यांना कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. ती पट्टी शौर्याची खूण मानली गेली. मग कर्करोगाशी झुंज देऊन आलेल्या स्त्रीचा व्रण तेवढा लपविण्याजोगा का ठरावा, असा लॉर्ड यांचा सवाल होता.

या सवालाला आता साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. लोकरीच्या गोळ्याची जागा सिलिकोनच्या पिशवीने आणि स्वतःच्याच पोटावरील मांसाने घडविलेल्या स्तनाने घेतली आहे. शल्यशास्त्राची ही प्रगती निःसंशय थोर आहे. परंतु ज्या स्त्रीला हे काहीच नको आहे, छाती सपाट ठेवूनच ज्या स्त्रीला उरलेले आयुष्य जगावयाचे आहे, तिला अजूनही आपल्या निर्णयाचे समर्थन करावे लागते. हा प्रश्न वरवर सौंदर्याचा किंवा आवडीनिवडीचा दिसतो. खोलात शिरले की तो संमतीचा प्रश्न आहे, असे ध्यानात येते.

भूल आणि निर्णय

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास पाहिला, तर त्यात रोग्याचे मत विचारण्याची प्रथा फार उशिरा आलेली दिसते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने १८९४ साली आपल्या पन्नास रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सारे एकत्र काढून टाकण्याची त्याची पद्धत होती. रोग आसपास पसरत जातो, म्हणून जितके अधिक कापावे तितका रोगी सुरक्षित, असा त्यामागचा तर्क होता. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे या पद्धतीचा अंमल चालला. छातीला खळगा पडे, हात सुजून जड होई, खांदा उचलेनासा होई. जीव वाचला यातच समाधान मानावे, अशी अपेक्षा असे.

त्याहून विलक्षण होती ती निर्णयाची रीत. गाठ आढळली की स्त्रीला भूल देत. गाठीचा तुकडा काढून तो लगेच तपासला जाई, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत संपूर्ण स्तन काढून टाकला जाई. शुद्धीवर आल्यावर छातीकडे हात नेऊनच त्या स्त्रीला आपल्या रोगाचे निदान कळे. आयुष्यातील एक मोठा निर्णय ती झोपेत असताना घेतला जात होता आणि त्यावरची तिची सही मात्र आधीच घेतलेली असे.

या रीतीला उघड विरोध करणाऱ्यांत रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीचे नाव अग्रभागी आहे. १९७४ साली त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ आढळली. आधी केवळ तपासणी करा, निदान सांगा, पुढचे मी विचार करून ठरवीन, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य करणारा शल्यविशारद मिळविण्यासाठी त्यांना कित्येकांचे उंबरे झिजवावे लागले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्या शस्त्रक्रियेची वार्ता न लपविता देशाला सांगितली आणि कुजबुजीचा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. अखेर १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने बोलाविलेल्या परिषदेने तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन स्वतंत्र पायऱ्या असाव्यात, असा कौल दिला. कौल देणाऱ्या मंडळात कुशनर स्वतः होत्या.

दरम्यान शास्त्रानेही कूस बदलली होती. पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर आणि मिलानचे डॉ. उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या दीर्घ अभ्यासांनी हॉल्स्टेडच्या तर्काचा पायाच काढून घेतला. सर्वस्व कापून काढल्याने आयुष्य वाढत नाही. आणि रोग लवकर आढळलेल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुष्यमान तेवढेच राहते, हे १९८०च्या दशकात सिद्ध झाले. इतकी वर्षे जे अपरिहार्य म्हणून सांगितले गेले, ते तसे नव्हते. वैद्यकाने यातून शस्त्रक्रियेपुरता धडा घेतला. तज्ज्ञ ज्याला निर्विवाद म्हणतो त्याविषयीही रोग्याने प्रश्न विचारावा, हा दुसरा धडा मात्र तितकासा अंगी बाणला नाही.

भरपाईचे शास्त्र

सिलिकोनची पिशवी बसवून स्तनाचा आकार वाढविण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाली. काढून टाकलेल्या स्तनाच्या जागी नवा आकार घडविण्यासाठी पुढे हेच साधन वापरात आले. १९८०च्या दशकात पोटावरील त्वचा, चरबी आणि स्नायू वळवून छातीवर आणण्याची पद्धत रूढ झाली आणि कालांतराने ती अधिक सूक्ष्म होत गेली. अनेक स्त्रियांना या शस्त्रक्रियांनी मोठा दिलासा दिला आहे. आरशात पूर्वीसारखे दिसणे, कपडे पूर्वीसारखे अंगावर बसणे, रोगाची आठवण दररोज समोर न येणे, या गोष्टींचे मोल बाहेरच्याने ठरवू नये. ज्या स्त्रीला ही भरपाई हवी आहे तिला ती मिळावी, यासाठीही अमेरिकेतील स्त्रियांना झगडावे लागले. स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीने पुनर्रचनेचा खर्चही दिला पाहिजे, असा कायदा तेथे १९९८ साली झाला, तो या झगड्याचे फळ होते.

परंतु या भरपाईचा जमाखर्च पूर्णपणे मांडला जातोच असे नाही. पिशवी बसविण्यासाठी पुष्कळदा आधी त्वचा हळूहळू ताणावी लागते. म्हणजे एकीच्या दोन शस्त्रक्रिया होतात. बसविलेली पिशवी जन्मभर टिकत नाही. ती कधी फुटते, कधी तिच्याभोवतीचा पापुद्रा कठीण होतो, आणि ती बदलावी वा काढावी लागते. खरबरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांचा एका विरळ प्रकारच्या कर्करोगाशी संबंध आढळल्यामुळे २०१९ साली त्यांपैकी एक जात जगभरच्या बाजारांतून परत घ्यावी लागली. स्वतःच्या मांसाने घडविलेल्या स्तनाला हे भय नाही. पण ती शस्त्रक्रिया अनेक तासांची असते आणि छातीबरोबर पोटावरही व्रण उमटतो. शिवाय या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि नेमकी तीच ओझरती सांगितली जाते. नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना सहसा नसते. तो इतरांच्या डोळ्यांना दिसतो. जिच्या देहावर आहे तिला मात्र त्याचा स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही.

ही संवेदनाहीनता काही स्त्रियांना सुसह्य वाटते. काहींना आपलेच शरीर परके वाटू लागते. दोन्ही अनुभव खरे आहेत. म्हणूनच नकाराकडे निराशेचे किंवा बेफिकिरीचे लक्षण म्हणून पाहणे चुकीचे आहे. आणखी शस्त्रक्रिया नकोत, लवकर उठून कामाला लागायचे आहे, शरीरात परकी वस्तू नको, आपले स्त्रीत्व या अवयवावर अवलंबून नाही, ही सपाट राहणाऱ्या स्त्रियांची कारणे साधी, सरळ आणि विचारपूर्वक दिलेली आहेत.

नकाराला जागा

तरीही या नकाराला व्यवस्थेत जागा मिळण्यास फार वेळ लागला. न्यूयॉर्क राज्यात २०११ पासून स्तन काढण्यापूर्वी पुनर्रचनेची माहिती देणे बंधनकारक झाले. गरीब आणि अल्पशिक्षित स्त्रियांना ही सोय माहीतच नसते, म्हणून तो नियम झाला आणि तो योग्यच होता. परंतु पुनर्रचना न करणे हाही एक पर्याय आहे, हे तेवढ्याच आस्थेने सांगण्याची प्रथा काही त्यामुळे पडली नाही. पुनर्रचना हा उपचारांचा शेवटचा अध्याय आणि ती न करणारी स्त्री म्हणजे अर्धवट राहिलेले पुस्तक, अशी समजूत दृढ होत गेली.

या समजुतीचा कळस पुढील प्रकारात दिसतो. मला सपाट छाती हवी, असे स्पष्टपणे सांगून शस्त्रक्रियेस गेलेल्या काही स्त्रिया शुद्धीवर आल्या तेव्हा छातीवर कातडीच्या सैल घड्या लोंबत होत्या. पुढे मन बदलले तर पिशवी बसविण्यास कातडी असावी, म्हणून शल्यविशारदाने आपल्या मनाने ती राखून ठेवलेली होती. २०१६ पासून अशा हकिगती अमेरिकन वृत्तपत्रांतून प्रकट होऊ लागल्या. पन्नास वर्षांपूर्वी स्त्री भुलेत असताना स्तन काढण्याचा निर्णय घेतला जाई. आता भुलेत असताना तिचा नकार रद्द केला गेला. हेतू दोन्ही वेळा चांगला होता. तिचे हित तिच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, ही भावनाही दोन्ही वेळा तीच होती.

२०२१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सपाट राहिलेल्या ९३१ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७४ टक्के स्त्रिया परिणामाविषयी समाधानी होत्या. मात्र २२ टक्के स्त्रियांना हा पर्याय आधी सांगितला न जाणे, शल्यविशारदाने निर्णयाला पाठिंबा न देणे किंवा मुद्दाम जादा कातडी ठेवणे यांपैकी काही ना काही सोसावे लागले होते. या विषयासंबंधीच्या गटांतून पुढे आलेल्या स्त्रियांचीच ही पाहणी होती, त्यामुळे तिचे आकडे सर्व स्त्रियांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि सपाट राहणाऱ्या स्त्रीला पुढे पश्चात्ताप होणारच, हे गृहीत या पाहणीने खिळखिळे केले.

यातून एक व्यावहारिक सुधारणाही झाली. सपाट छाती म्हणजे शल्यविशारदाने काहीच न करणे नव्हे. जादा कातडी आणि चरबी काढणे, उरलेली त्वचा नीट ताणून बसविणे, टाक्याची रेषा सरळ ठेवणे हेही कौशल्याचेच काम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० साली आपल्या परिभाषाकोशात या शस्त्रक्रियेला स्वतंत्र नाव आणि व्याख्या दिली. कोशातील एका नोंदीने काय साधते, असे कोणी विचारील. ज्या गोष्टीला नाव नसते ती मागता येत नाही, हे कचेरीत अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

येथे वैद्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. भेदरलेल्या अवस्थेत केलेला निर्णय मागाहून बदलतो, हा त्यांचा अनुभव असतो. एक स्तन गेल्यावर दुसरा निरोगी स्तनही काढून दोन्ही बाजू समान करा, अशी मागणी काही स्त्रिया करतात. आनुवंशिक दोष नसलेल्या बहुतेक स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे वाढत नाही, तेव्हा निरोगी अवयव कापताना शल्यविशारदाचा हात थबकला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु शंका असेल तर ती शस्त्रक्रियेपूर्वी बोलून दाखवावी, वेळ द्यावा, प्रसंगी नकारही द्यावा. शंकेचे उत्तर स्त्री बेशुद्ध असताना तिच्या छातीवर लिहू नये, एवढाच आग्रह आहे.

आपल्याकडील मौन

आता कोणी म्हणेल की, हे सारे संपन्न देशातील प्रश्न झाले. आपल्याकडे यांचे काय? भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्त्रिया तेथे येतात. परंतु पुष्कळजणी रोग बळावल्यावरच डॉक्टरकडे पोहोचतात. गाठ दुखत नाही म्हणून, घरातले कामकाज अडते म्हणून, आणि बोलायचे कोणाजवळ म्हणून महिने निघून जातात. मग स्तन वाचविण्याची संधी उरत नाही. पुनर्रचनेचा खर्च आणि तज्ज्ञ दोन्ही बहुतेकींच्या आवाक्याबाहेर असतात. याचा अर्थ असा की, अमेरिकेतील स्त्री जी अवस्था झगडून मिळविते, ती आपल्याकडील बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला न मागताच येते.

पण वाट्याला येणे आणि निवडणे यांत महदंतर आहे. आपल्याकडे अनेकदा डॉक्टर बोलतात ते नवऱ्याशी किंवा मुलाशी. संमतीपत्रावर तिची सही वा अंगठा असतो, परंतु काय जाणार, काय राहणार, नंतर काय करता येईल, याची चर्चा तिच्या खाटेपासून चार पावले दूर होते. ती घरी परतते. पदर सांभाळून घेतो, असे मानले जाते. पोलक्यात कापडाची घडी किंवा कापसाची उशी करून ठेवण्याची युक्ती एखादी शेजारीण शिकवते. नव्या पोलक्याचे माप द्यायला शिंपिणीकडे जाणे मात्र ती टाळते. आंघोळीच्या वेळी आरशाकडे पाठ करते. शाळेत शिकविणारी असेल तर फळ्याकडे वळताना डावा हात छातीशी धरते. कोणी काही विचारीत नाही, आणि हे न विचारणेच घरात सहानुभूती म्हणून समजले जाते.

स्त्रीच्या देहाचे नखशिखान्त वर्णन करण्यात आपली काव्यपरंपरा कधी संकोचली नाही. त्याच देहाला रोग जडला की मात्र आपली भाषा मुकी होते. ‘गाठीचे ऑपरेशन’ या शब्दांपलीकडे घरात वाच्यता होत नाही. हे मौन दोन प्रकारे घातक आहे. त्यामुळे उपचाराला उशीर होतो. आणि उपचारानंतर जी स्त्री आहे त्या रूपात निःसंकोच राहू इच्छिते, तिलाही ती मोकळीक राहत नाही. लॉर्ड यांना दवाखान्यातील परिचारिकेने जे उघडपणे सुनावले, ते आपल्याकडे न बोलता पाळले जाते.

तेव्हा उपाय काय? तो फारसा खर्चाचा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी त्या स्त्रीशी स्वतंत्रपणे बोलणे. कृत्रिम स्तन, पुनर्रचना आणि सपाट राहणे हे तिन्ही मार्ग, त्यांतले लाभ, त्रास आणि खर्च तिच्या भाषेत सांगणे. आजच ठरवले पाहिजे असे नाही, पुनर्रचना पुढेही करता येते, हे आवर्जून सांगणे. या अनुभवातून गेलेली एखादी स्त्री तिला भेटविणे. आणि ती जे ठरवील ते तितक्याच कौशल्याने पार पाडणे, एवढेच अपेक्षित आहे. यासाठी हवी ती अर्ध्या तासाची सवड आणि समोरच्या स्त्रीला स्वतःचे मत आहे ही जाणीव. रोग्यांच्या रांगांनी गजबजलेल्या आपल्या रुग्णालयांत अर्धा तास ही लहान गोष्ट नव्हे, हे मान्य केले पाहिजे. परंतु हा अर्धा तास वाचविल्याची किंमत ती स्त्री पुढे वर्षानुवर्षे चुकविते.

घरच्या माणसांचाही यात वाटा आहे. ती पूर्वीसारखी दिसावी हा आग्रह प्रेमापोटी असतो, पण त्यात तिच्या व्रणाकडे आपल्याला पाहवत नाही, हा भागही असतो. तो ओळखणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पुनर्रचना निवडणारी स्त्री दुबळी नव्हे, आणि ती नाकारणारी वीरांगनाच असली पाहिजे असेही नव्हे. दोघीही आपापल्या देहात पुन्हा राहावयास जात आहेत. घर ज्याचे, त्याने त्याची मांडणी करावी, एवढा साधा हक्क भाडेकरूलाही असतो.

ऑड्री लॉर्ड यांचा कर्करोग पुढे यकृतात पसरला आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेनंतरची चौदा वर्षे त्या लिहीत, शिकवीत आणि सभांतून बोलत राहिल्या. एक बाजू सपाट होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. त्यामुळे कोणाचे मनोधैर्य खचले नाही; उलट, अनेक देशांतील स्त्रियांना त्यांच्या पुस्तकाने आपला प्रश्न मांडण्याचे बळ दिले. गेलेल्या अवयवाची भरपाई करावी की नाही, याचे एकच उत्तर नाही आणि ते असण्याची गरजही नाही. ज्या स्त्रीचा तो अवयव होता तिला हा प्रश्न विचारला गेला होता काय आणि तिचे उत्तर ऐकले गेले होते काय, एवढे मात्र प्रत्येक रुग्णालयाने आणि प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारून पाहिले पाहिजे.